पाच पुलांपलीकडचं गाव आणि राजलक्ष्मीचं गाणं

तंजावूरहून तिरुवैयारुची बस पकडलीत, की सोबतच्या मुलांना एक काम द्या. पूल मोजायचे. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि सगळ्यात शेवटी कावेरी. जेमतेम १३ किलोमीटरच्या रस्त्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात आणि पाचवा पूल संपला की गाव सुरू होतं. तमिळमध्ये 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी, आणि 'तिरु' म्हणजे आपला 'श्री'. गावाचं नाव असं रस्त्यावरच उलगडत जातं. गावातल्या मोठ्या शिवमंदिरातला देवही पंचनदीश्वर. तमिळ माणसं त्याला ऐयारप्पर म्हणतात.

दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधूनच केळीच्या बागा, नारळ. उंच असं काही दिसत नाही, दिसतं ते देवळाचं गोपुर. सह्याद्री बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ही सपाटी आधी चुकल्यासारखी वाटते. अर्ध्या तासात डोळे निवतात.

मराठी माणसाला इथे परकं वाटायचं खरं तर कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावूरच्या गादीवर बसले आणि १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य या मुलखात राहिलं. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरलेला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद जपलेले आहेत. तिरुवैयारुतही कावेरीच्या काठावर त्या काळातला कल्याण महाल उभा आहे. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही गोष्ट इथले गाइड हमखास सांगतात. ऐकायला छान वाटते. पुरावा मात्र कुणी दाखवत नाही.

बहुतेक माणसं तिरुवैयारुला येतात ती त्यागराजांसाठी. कर्नाटक संगीतातले हे थोर संत-रचनाकार १७६७ साली तिरुवारूरला जन्मले, पण आयुष्य गेलं ते इथे, आणि १८४७ साली देह ठेवला तोही इथेच. सरफोजीराजांनी त्यांना दरबारात बोलावलं आणि त्यांनी ते मानधन नाकारलं, ही कथा कर्नाटक संगीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. नाकारलेला राजा आपला भोसले! तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत पाठवल्याची गोष्ट ऐकत मोठे झालेले आपण ही गोष्ट ऐकून क्षणभर थबकतो. तोच प्रसंग, तेच घराणं, फक्त नदी इंद्रायणीऐवजी कावेरी.

मला मात्र इथे आणखी एका व्यक्तीबद्दल सांगायचं आहे. याच गावात जन्मलेल्या एका मुलीबद्दल.

टी. म्हणजे तिरुवैयारु

तिचं नाव टी. पी. राजलक्ष्मी. तमिळ नावांत पहिलं अक्षर बहुतेक वेळा गावाचं आणि दुसरं वडिलांचं असतं. आपण गावाला 'कर' जोडून आडनाव करतो, तसंच हे. 'टी' म्हणजे तिरुवैयारु, 'पी' म्हणजे पंचपकेश, आणि हे वडिलांचं नावही पुन्हा गावच्या देवाचंच. म्हणजे तिच्या नावातली दोन्ही अक्षरं याच गावाची.

जन्म १९११चा. लहानपणीच लग्न लावून दिलं, ते टिकलं नाही. वडीलही गेले. आई पोरीला घेऊन तिरुचिरापल्लीला गेली आणि मुलगी नाटक कंपनीत शिरली. त्या काळात ब्राह्मण घरातल्या मुलीनं तोंडाला रंग लावायचा म्हणजे काय, हे सांगायला नको. आपल्याकडेही तेव्हा बायकांच्या भूमिका बालगंधर्व करत होते.

आणि मग आलं १९३१ साल. मार्चमध्ये मुंबईत 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानातला चित्रपट बोलू लागला. त्याच वर्षी, त्याच अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीनं, मुंबईतच, एच. एम. रेड्डींच्या दिग्दर्शनाखाली 'कालिदास' काढला. तमिळमधला पहिला बोलपट म्हणून त्याची नोंद होते. नायिका राजलक्ष्मी. गंमत अशी, की ती तमिळमध्ये बोलायची आणि नायक तेलुगूत उत्तर द्यायचा! कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण लोक संवादांसाठी आलेच नव्हते. आले होते गाण्यांसाठी. तेव्हाचा बोलपट म्हणजे पडद्यावरचं संगीत नाटकच, गाण्यांची रेलचेल. मुंबईत झालेला हा तमिळ बोलपट आपल्या मराठीतल्या 'अयोध्येचा राजा'च्याही काही महिने आधीचा आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं.

३१ ऑक्टोबर १९३१ला तो मद्रासला झळकला. रिळांचा डबा मुंबईहून मद्रास सेंट्रलवर उतरला, तेव्हा लोकांनी त्याची मिरवणूक काढली, फुलं उधळली, नारळ फोडले, असं वर्णन तमिळ चित्रपटाच्या इतिहासात आवडीनं केलं जातं. आणि त्या रिळांत राजलक्ष्मीनं जे गायलं होतं, त्यात एक चरख्याचं गाणं होतं. कालिदासाच्या गोष्टीत चरखा कुठून आला, असं विचारायचं नाही. साल १९३१ होतं. त्याशिवाय दोन गाणी थेट तिच्या गावची होती. त्यागराजांच्या कृती. 

   तिरुवैयारुची मुलगी, तिरुवैयारुच्या संताचं गाणं, आणि ते पहिल्यावहिल्या तमिळ बोलपटात. आज कुणी असं गायलं असतं तर गावाच्या वेशीवर फलक लागले असते.

त्याच वर्षी गावात काय चाललं होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण १९३१ साली खुद्द तिरुवैयारुत, त्यागराजांच्या समाधीपुढच्या मुख्य उत्सवात, बाईला गाता येत नव्हतं.

पौष वद्य पंचमी ही त्यागराजांची पुण्यतिथी. त्या दिवसाच्या आराधनेसाठी गायक-वादक दूरदूरून इथे जमायचे. पण त्यांच्यात फूट पडली होती. 'पेरिय कच्ची' आणि 'चिन्न कच्ची', म्हणजे मोठा पक्ष आणि धाकटा पक्ष. मान कुणाचा, खर्च कुणाचा, आधी कोण, यावरून ही भांडणं वर्षानुवर्षं चालली. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं मत एक होतं. बायकांनी इथे गायचं नाही.

आणि ज्या समाधीपुढे गायचं नाही, ती समाधी बांधली होती एका बाईनं! बेंगळूर नागरत्नम्मा. म्हैसूर मुलखात १८७८ साली जन्मलेल्या, देवदासी परंपरेतल्या, मद्रासला राहून नाव आणि पैसा कमावलेल्या गायिका. १९२१ साली त्यांना कळलं, की त्यागराजांची समाधी पडझड होऊन झाडोऱ्यात हरवत चालली आहे. त्यांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेतली, देऊळ बांधलं, मूर्ती घडवली आणि १९२६च्या आरंभी कुंभाभिषेक केला. आणि मग त्याच देवळापुढे बसून गायची त्यांना मनाई झाली.

नागरत्नम्मा गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. याआधीही त्यांनी एक मोठी लढाई लढली होती, आणि तिचा धागा पुन्हा आपल्या भोसल्यांशी जुळतो. तंजावूरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचं 'राधिका सांत्वनम्' हे तेलुगू काव्य नागरत्नम्मांनी १९१०मध्ये जसंच्या तसं छापून आणलं. बाईनं शृंगार लिहिला म्हणून गदारोळ झाला आणि इंग्रज सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९४७ उजाडलं.

तर समाधीपुढे मनाई झाल्यावर त्यांनी काय केलं? बायका गोळा केल्या आणि समाधीच्या मागच्या बाजूला, १९२७च्या सुमारास, स्वतःचा उत्सव सुरू केला. पुढे पुरुषांचं गाणं, मागे बायकांचं. दोन पक्षांचे तीन पक्ष झाले.

आता हे दोन्ही एकत्र डोळ्यांसमोर आणा. मद्रासच्या थिएटरात चार आण्यांचं तिकीट काढून आलेला हमाल, गाडीवान, घरकाम करणारी बाई, सगळे एका बाईच्या तोंडून त्यागराजांच्या कृती ऐकताहेत. आणि त्या जिथे जन्मल्या त्या गावात त्याच म्हणायला बायकांना देवळाच्या मागे जावं लागतंय. सिनेमावाल्यांना आपण उठसूट नावं ठेवतो, की यांनी शास्त्रीय संगीत बिघडवलं. इथे मात्र सिनेमा देवळाच्या दहा वर्षं पुढे होता.

'कालिदास'ची प्रत आज उपलब्ध नाही. राजलक्ष्मीनं त्या कृती कशा गायल्या, पूर्ण गायल्या की तुकडा, हे ऐकायची सोय उरलेली नाही. तिला त्या गाण्यासाठी पुरस्कारही मिळाला नाही, कारण तेव्हा असे पुरस्कारच नव्हते. हॉलिवूडमध्ये चित्रपटगीताला ऑस्कर द्यायला सुरुवात झाली ती १९३४च्या चित्रपटांपासून. आपल्याकडचे फिल्मफेअर आणि राष्ट्रीय पुरस्कार त्यानंतर वीस वर्षांनी, १९५४मध्ये आले. राजलक्ष्मीनं मात्र १९३६मध्ये स्वतः 'मिस कमला' हा चित्रपट दिग्दर्शित केला. दक्षिणेतल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शकांत तिचं नाव घेतलं जातं.

तमिळ तुकोबा

ही गाणी एकाच दिशेनं गेली नाहीत. १९३६च्या डिसेंबरात प्रभातचा 'संत तुकाराम' आला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आणि केशवराव भोळ्यांनी चाल दिलेलं गाणं विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी इतकं शोभलं, की लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजू लागले. त्यात 'तुका म्हणे' अशी मुद्रा नाही, तरीही. माझ्या मते चित्रपटगीताला याहून मोठा पुरस्कार दुसरा नाही.

त्यानंतर १९३८मध्ये तमिळमध्येही तुकाराम आला. तुकोबा कोण? मुसिरी सुब्रमण्य अय्यर. कावेरीकाठच्या मुसिरीचं नाव लावणारे, कर्नाटक संगीतातले पहिल्या रांगेतले गायक. त्यांनी आयुष्यात एकच चित्रपट केला, आणि तो आपल्या देहूच्या वाण्याचा! हेच मुसिरी पुढे तिरुवैयारुच्या आराधना महोत्सव सभेचे चिटणीस आणि खजिनदार झाले. तमिळ श्रोत्यांना तुकाराम नवा नव्हताच म्हणा. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावूरला येऊन कीर्तनं करत. ते ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ कथेत जाऊन बसले. आजही तिथल्या भजनी मंडळींत मराठी अभंग म्हणतात. उच्चार तमिळ असतात, ठेका आपला.

आणि मराठी संतांचं हे वेड एकट्या मुसिरींपुरतं राहिलं नाही. चित्तूर नागय्यांनी १९४६मध्ये तेलुगूत 'त्यागय्या' काढला. निर्मिती, दिग्दर्शन, संगीत आणि त्यागराजांची भूमिका, सगळं स्वतः. दोनच वर्षांनी तमिळ 'चक्रधारी'त ते आपले गोरोबा कुंभार झाले.

तोवर तिरुवैयारुतलं भांडणही मिटलं होतं. १९४०-४१च्या सुमारास तिन्ही पक्ष एकत्र आले. नागरत्नम्मांची अट साधी होती: बायका समोर बसून गातील. ती मान्य झाली. पाच रत्नं सगळ्यांनी मिळून, एका सुरात म्हणायची आजची पद्धतही याच काळात रुळली.

पंचमीची सकाळ

ही सकाळ एकदा तरी अनुभवावी. साधारण जानेवारीत येते. आदल्या रात्री तंजावूरला मुक्काम करा आणि पहाटे निघा, कारण नऊच्या सुमारास पंचरत्नं सुरू होतात आणि त्याआधीच मांडव भरतो. त्यागराज ज्या तिरुमंजन वीथीत राहत, तिथल्या घरापासून उंछवृत्तीचं भजन निघतं. भिक्षा मागत, नाम घेत, समाधीपर्यंत. आपल्या वासुदेवाची आणि माधुकरीची आठवण येते.

मांडवात खुर्च्या शोधू नका. जमिनीवर बसायचं. समाधीकडे जाणारी वाट मधे मोकळी ठेवून गायक दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसतात. नागस्वरम् वाजतं, मग बासऱ्या, आणि मग नाट रागातलं पहिलं रत्न उचललं जातं. नामवंत गायक आणि गावोगावच्या शिकवण्यांतली मुलं एकाच ओळीत, एकच स्वर. सगळे काही सुरात नसतात, हेही सांगते. माझ्या मागचे एक काका पूर्ण वेळ अर्धा ताल पुढे होते आणि खूप खूश होते.

मला तेलुगू येत नाही. शेजारी बसलेल्या मामींनी (इथे अनोळखी वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणायचं) न विचारता आपली वही माझ्याकडे सरकवली आणि बोटानं ओळ दाखवत गायला लागल्या. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि शेवटी श्री. पाचवं रत्न सुरू झालं तेव्हा मामींनी वही मिटली. ती त्यांना पाठ होती. आसपासच्या बायकांचे आवाज तिथे एकदम चढले, पुरुषांचे मागे पडले. मला राजलक्ष्मी आठवली. मामींना तिचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, सिनेमातली ना? आमच्या गावची.

गाणं संपल्यावर समाधीपुढे जरा उभे राहा आणि मागे वळून बघा. समाधीकडे तोंड करून हात जोडून बसलेली एक मूर्ती दिसेल. त्या नागरत्नम्मा. १९५२ साली त्या गेल्या, त्यांची समाधी इथेच आहे, बरोब्बर समोर. मालमत्ताही त्या याच जागेसाठी ठेवून गेल्या.

चित्रपटाला पुरस्कार मिळायचा राहिला होता, तोही पुढे मिळाला. १९८५च्या 'सिंधु भैरवी'त नायिका एका बड्या शास्त्रीय गायकाच्या मैफलीत विचारते, की लोकांना न कळणाऱ्या भाषेतच का गाता? मग ती स्वतः एक लोकगीत गाते आणि गाता गाता त्याच चालीतून अलगद त्यागराजांच्या 'मरि मरि निन्ने' या कृतीत शिरते. इळैयराजांनी ही कृती परंपरेनं चालत आलेल्या कांभोजीऐवजी सारमतीत बांधली, म्हणून काही जाणकार चिडले. त्या गाण्यासाठी के. एस. चित्राला तिचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इळैयराजांनाही संगीतासाठी मिळाला. रात्री हॉटेलवर मोबाइलवर ते गाणं घरच्या सगळ्यांनी मिळून ऐका. तिरुवैयारु बघून आल्यावर ते वेगळं लागतं.

दुपारच्या उन्हात ऐयारप्पर मंदिराच्या प्राकारात फिरायला मुलांना न्या. तिथे एक ठिकाण आहे, उभं राहून हाक मारली की प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येत राहतो. सात वेळा येतो म्हणतात. आम्ही मोजायचा प्रयत्न केला, पण रांगेत उभ्या असलेल्या दहा मुलांच्या हाका एकमेकींत मिसळल्या. परतीच्या बसआधी अशोका हलवा घ्यायचा विसरू नका. मुगाच्या डाळीचा, केशरी रंगाचा, तुपानं निथळणारा. गरम असतानाच खायचा, तिथेच उभ्यानं. डब्यात बांधून पुण्याला आणलेला तसा लागत नाही.